दिवा मुका झालाय

तापकीर गल्लीत माझं नाव कुणाला ठाऊक नाही.
पानशेतची ताई आली, म्हणतात,
आणि मोजून देतात: वीस स्विच, बारा बॅटऱ्या,
सोल्डरचं एक रीळ.
पावती नको म्हटलं की चहा सांगतात.

स्वारगेटहून दुपारची एसटी.
पिशवी मांडीवर, ऊन लागू नये म्हणून पदराखाली.
शेजारीण विचारते, अंडी आहेत का?
हो म्हणते मी. ती खानापूरला उतरणार,
कशाला सांगत बसा.

माझं टेबल गिरणीच्या पडवीत.
दिव्याच्या बुडाला छापलेलं असतं: उघडू नये.
ज्यांनी छापलं ते वाटून गेले, परत आले नाहीत.
मी उघडते.
आत घर असतं. बरेचदा मुंग्यांचं;
एकदा पालीची दोन अंडी, बॅटरीच्या कुशीत.
माणसांचंही असतं.
तारेवर हिरवं चढलंय, म्हणजे दिवा गोठ्यात टांगतात.
काचेला काजळी, म्हणजे चुलीपाशी.
आणि नुसता स्विचच मेलाय, बाकी ठणठणीत,
तर त्या घरात रात्री कुणीतरी
पुन्हा पुन्हा उठतंय.
मी विचारत नाही.
स्विचचे दहा रुपये घेते.

बमू मरगळे कड्यावरच्या धनगरवस्तीवरून उतरले,
दीड तास चालत, दिवा घोंगडीत,
पॅनेल पाठीला बांधलेलं, उन्हाकडं तोंड करून.
तेवढंच वाटेत भरेल.
मंद झालाय, इतकंच म्हणाले.
बॅटरी बदलली. आणि जाता जाता,
आतली कॉइल कुंई करत होती, बारीक,
रात्रीच्या शांततेत कळेल इतकी,
तिच्यावर मेणाचा एक थेंब सोडला.
कुणी सांगितलं नव्हतं. हाताची खोड.
गप्प झाली. मला बरं वाटलं.

पाचव्या दिवशी पुन्हा हजर.
"दिवा मुका झालाय."
पेटतोय की, मी म्हटलं. लख्ख.
"मला पेटतोय. कोंडाईला नाही."

मग पटका सोडून मांडीवर घेतला
आणि बोलले, तुटक तुटक.
सहा वर्षं झाली तिचे डोळे जाऊन.
मी रात्री गुरं बघायला दिवा घेऊन उठतो.
ती पडल्या पडल्या आवाज धरून असते:
दारात गेला. कुडाशी गेला. आला.
लांब गेलो की आवाज तुटतो,
मग ती आकडे मोजते, मी येईस्तोवर.
साठाच्या वर कधी जाऊ दिलं नाही मी.
आता चार रात्री डोळ्याला डोळा नाही.
ती हाका मारते, मी ओ देतो,
म्हशी बिथरतात.

तीन दिवसांच्या शिबिरात हे नव्हतं.
मला बिघाड काढता येतो.
परत बसवायचा कसा?
सुईनं मेण खरवडलं. एक वेढा सैल केला.
पेटवला, कानाशी धरला.
नाही.
पुन्हा खरवडलं. नाही.
शेवटी गिरणीवरच्या पोराला म्हटलं,
थांबव रे दोन मिनिटं.
पट्टा फडफडत थांबला. दळणाच्या बायका
डबे धरून माझ्याकडं बघत राहिल्या.
आधी मला वाटलं, डास.
मग बमूंच्या तोंडाकडं पाहिलं.

त्यांनी कनवटीला हात घातला.
काय लावू? पाटीवर भाव आहेत:
स्विच, बॅटरी, तार, काच.
राहू द्या, म्हटलं.
राहू कसं द्यायचं, म्हणाले, आणि
टेबलावर दहाची नोट ठेवून,
वर माझा पाना.

दिवा पेटताच घेऊन गेले, भर दुपारी,
कानाशी धरून, चढाच्या वाटेनं.
बॅटरी वाया जातेय हे सांगणार होते.

तापकीर गल्लीची पुढची यादी:
स्विच वीस, बॅटऱ्या दहा, सुया,
मेण.
मेण खोडलं.